शून्यही चालेल

एलिमेंटरी ओएस नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. दिसायला देखणी, स्वभावाने सालस. ती उतरवून घ्यायला तिच्या संकेतस्थळावर गेलात की डॉलरचे तीन-चार आकडे ओळीने मांडलेले दिसतात आणि त्यांच्या शेजारी एक रिकामी चौकट. वाटेल ती रक्कम लिहा. शून्यही चालेल. शून्य लिहिलंत की बटणावरचे 'विकत घ्या' अशा अर्थाचे शब्द निमूट बाजूला होतात आणि तिथे नुसतं 'डाउनलोड' उरतं. कोणी रागावत नाही, कोणी 'का हो?' असं विचारत नाही.

हे शून्य लिहिणं वाटतं तितकं सोपं नसतं. फुकट मिळणारी वस्तू घ्यायला आपली कधीच ना नसते. पण 'मी हिची किंमत शून्य करतो' असं स्वतःच्या बोटाने लिहून द्यायचं म्हणजे जरा जड जातं. घासाघीस करायला समोर माणूस लागतो. त्याने पाचशे म्हणायचं, आपण दोनशे म्हणायचं, पाठ फिरवून चार पावलं चालायचं आणि त्याने हाक मारायची, अशी ती रीत. इथे समोर आहे चौकट. ती हाक मारत नाही. मग आपण इकडेतिकडे बघतो, खोलीत कोणी नाही याची खात्री करून घेतो आणि शून्य लिहितो.

आपण म्हणजे जवळजवळ सगळेच. २०१५ च्या फेब्रुवारीत एलिमेंटरीच्या मंडळींनी हिशेब जाहीर केला, की उतरवून घेणाऱ्यांपैकी ९९.८७५ टक्के लोक एक पैसाही देत नाहीत. आठशे माणसं आत गेली तर खिशात हात घातला एकाने. दशांश चिन्हापुढे तीन आकडे देण्याइतका अचूक माणूस फक्त दुःखात होतो. त्याच लिखाणात, पैसे न देणारे लोक एक प्रकारे लबाडीच करतात अशा अर्थाचं एक वाक्य होतं. त्यावर मोठा गदारोळ उठला. शून्य चालेल असं तुम्हीच सांगायचं आणि शून्य लिहिलं की लबाड म्हणायचं, हे कोणाच्याच पचनी पडण्यासारखं नव्हतं. मला मात्र दोन्ही बाजू पटतात, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक मला वादात घेत नाहीत.

ज्याचा सोर्स कोड खुला आहे ते सॉफ्टवेअर विकता येत नाही, असं पुष्कळांना वाटतं. चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरांनाही वाटतं. पण जीपीएल नावाचं जे प्रसिद्ध लायसन्स आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की प्रतीचे हवे तेवढे पैसे घ्या, नाहीतर घेऊ नका. अट एवढीच, की घेणाऱ्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे आणि त्याने तो पुढे कोणालाही, वाटेल त्या भावाने किंवा फुकट, दिला तर तुम्ही हरकत घ्यायची नाही. विकायची पूर्ण मुभा. विकल्यावर मालकी गाजवायची नाही. कागदावर हे फार उदात्त दिसतं. पण पहिल्याच गिऱ्हाइकाने तुमचा माल शेजारी बसून फुकट वाटला तर दुसरं गिऱ्हाईक तुमच्याकडे कशाला येईल, हा प्रश्न लायसन्समध्ये सोडवलेला नाही. लायसन्स वकिलांनी तपासलेलं असतं, वाण्याने नाही.

गंमत म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मूळपुरुषाने अगदी सुरुवातीलाच पैसे घेतले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ च्या जानेवारीत एमआयटीमधली नोकरी सोडली; नोकरीत राहून लिहिलेल्या प्रोग्रॅमवर संस्थेने हक्क सांगितला असता, ही धास्ती. १९८५ मध्ये त्यांचा जीएनयू ईमॅक्स हा एडिटर वापरण्याजोगा झाला. ज्याच्याकडे नेटवर्क होतं त्याला तो फुकट मिळे. पण तेव्हा नेटवर्क होतं कोणाकडे? बाकीच्यांसाठी स्टॉलमन यांनी सांगितलं, १५० डॉलर पाठवा, मी टेप पोस्टाने पाठवतो. महिन्याला आठ-दहा मागण्या येऊ लागल्या. तेवढ्यावर अगदी वेळ आली असती तर कसंबसं भागलं असतं, असं ते पुढे भाषणांतून सांगत. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं आणि टेपांचा व्यवहार तिकडे गेला. तेव्हा, स्वातंत्र्याच्या नावाने सुरू झालेल्या या प्रकरणाचा पहिला जमाखर्च टेप आणि टपाल या दोन खात्यांवर लिहिलेला आहे.

लोकांनी ते दीडशे डॉलर कशाचे दिले? ईमॅक्स तर फुकट होता. त्यांनी टेपेचे, पॅकिंगचे आणि 'मला हे दुसरीकडून मिळवायचा त्रास नको' याचे पैसे दिले.

आपल्याकडे टेपेच्या जागी सीडी आली. नव्वदच्या दशकात 'पीसीक्वेस्ट' मासिकाने लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी अंकाबरोबर द्यायला सुरुवात केली, पुढे 'लिनक्स फॉर यू' निघालं. अंकाची किंमत भरायची, सीडी काढून घ्यायची आणि अंक 'नंतर वाचू' म्हणून ठेवायचा. ही फुकट सॉफ्टवेअरची विक्रीच होती, पण आपण फसतोय असं कोणालाही वाटलं नाही. कारण साधं गणित. सीडीत ६५० एमबी मावतात. ५६ केबीपीएसचा मोडेम एकदाही न दमता पूर्ण वेगाने धावला, तरी तेवढं उतरवायला जवळजवळ २६ तास लागतात. आणि तो कधीच पूर्ण वेगाने धावत नसे. फोनच्या पल्स चालू, घरातल्यांचे चेहरे फिरलेले आणि ऐंशी टक्क्यांवर आत्याचा फोन. आत्याला बिचारीला काय ठाऊक, की तिने 'काय गं, जेवलात का?' विचारण्यासाठी लिनक्सचा गळा दाबला! त्या मानाने अंकाची किंमत काहीच नव्हती.

खरी विनोदी बाब निराळीच होती. फुकट लिनक्स घ्यायला अंकाचे पैसे पडत, आणि शहरातल्या फुटपाथवर चादर पसरून बसलेल्या पोराकडे लाखाच्या घरातलं डिझाइनचं सॉफ्टवेअर शे-दीडशे रुपयांत मिळे. वर तो पोरगा विश्वासाने सांगे, "साहेब, क्रॅक आत आहे. नाही चाललं तर बदलून देतो." इतकी विक्रीपश्चात सेवा तर मूळ कंपनीही देत नसेल. परदेशात मुक्त सॉफ्टवेअरची झुंज महागड्या सॉफ्टवेअरशी होती. आपल्याकडे ती चोरीच्या सॉफ्टवेअरशी होती. आणि भावात चोरीशी झुंजायचं म्हणजे कठीण काम. महाग आणि स्वस्त असा फरकच उरला नव्हता, दोन्ही एकाच चादरीवर.

मग २००५ च्या सुमारास आणखी नवल घडलं. उबुंटू या लिनक्सच्याच एका अवताराच्या लोकांनी जाहीर केलं, की पत्ता कळवा, आम्ही सीडी घरपोच पाठवतो. सीडीही फुकट आणि टपालही फुकट. 'शिपइट' नावाची ही योजना २०११ पर्यंत चालली. आपल्या गावांतून आणि कॉलेजांतून तिच्यावर अक्षरशः उड्या पडल्या. परदेशी तिकिटाचं पाकीट आपल्या नावाने दारात येणं हाच मुळात सोहळा होता. आत काय आहे ते दुय्यम. काहींनी त्या सीड्या संगणकात घातल्या. पुष्कळांच्या सीड्या कपाटात मानाने बसून राहिल्या. आता हा खर्च कोण करत होतं? मार्क शटलवर्थ. दक्षिण आफ्रिकेतल्या या गृहस्थांनी आपली थॉट ही कंपनी १९९९ मध्ये व्हेरिसाइनला सुमारे साडेसत्तावन्न कोटी डॉलरना विकली, २००२ मध्ये स्वखर्चाने अंतराळात जाऊन आले आणि मग उबुंटूच्या मागे लागले. फुकट वस्तूच्या मागे कुठेतरी एक खर्च करणारा असतोच. या वेळी तो बराच उंच जाऊन आलेला होता, इतकंच.

पुढे ब्रॉडबँड आलं, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि सीडी घालायची खाचच लॅपटॉपवरून नाहीशी झाली. टेप गेली, तबकडी गेली, पाकीट गेलं. ज्यांचे आपण इतकी वर्षं आनंदाने पैसे मोजले त्या सगळ्या वस्तू गेल्या आणि मागे उरली नुसती प्रत, जी काढायला काही खर्च येत नाही. तिचे पैसे मागायचे म्हणजे ती रिकामी चौकट.

तरीही काही चिवट माणसं दारात पैसे मागतात आणि तगतात. आर्डर नावाचा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम आहे, स्टुडिओत वापरण्याच्या तोडीचा. तो लिहिणारे पॉल डेव्हिस हे ॲमेझॉनच्या अगदी पहिल्या दोन प्रोग्रॅमरांपैकी एक. त्यांचा हिशेब असा: सोर्स कोड फुकट, न्या आणि आपला आपण बांधून घ्या, तयार, चालू स्थितीतला हवा असेल तर पैसे टाका, अगदी थोडेही चालतील. ज्याने कधी सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बांधून पाहिला आहे त्याला या धोरणातली खोच कळेल. सकाळी मोठ्या उमेदीने बसावं. यंत्र म्हणतं, अमुक लायब्ररी नाही. ती आणावी. ती म्हणते, मला तमुक हवी, आणि हीच आवृत्ती हवी. ती आणली की पहिली रुसते. दुपारपर्यंत आपण कुठल्यातरी जर्मन विद्यापीठाच्या सर्व्हरवरून जुन्या काळातली एक फाइल उतरवत असतो आणि मुळात गाणं रेकॉर्ड करायचं होतं हे विसरलेलो असतो. संध्याकाळी डॉलर फार स्वस्त वाटायला लागतो. अर्थात इथेही कायद्याने चोरवाट नव्हे, चांगली राजवाट आहे: डेबियन, फेडोरा ही लिनक्सवाली मंडळी आर्डर बांधून तयार फुकट देतातच. तरी डेव्हिस यांचं चाललं आहे. संगीतकारांना कदाचित, आपण ज्याच्यावर वाजवतो त्याचे पैसे द्यायची सवय असावी.

अक्षरांच्या जगात तर आणखी मजा आहे. मुंबईच्या एक टाइप या चमूने केलेला 'मुक्त' हा देवनागरी फाँट तुम्ही फोनवर, संकेतस्थळांवर असंख्य वेळा वाचला असेल. तो आणि त्याच्यासारखे बहुतेक मोफत फाँट ज्या लायसन्सखाली येतात, त्यात अट आहे की फाँट नुसता विकायचा नाही; एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर मात्र खुशाल विका. आणि ते सॉफ्टवेअर पडद्यावर 'नमस्कार, जग' एवढंच लिहिणारं असलं तरी अट पूर्ण होते, असं त्या लायसन्सवाल्यांनीच खुलाशात सांगून टाकलंय. आपल्याकडच्या एकादशीच्या फराळात जितक्या पळवाटा आहेत, त्यांच्या पंगतीला ही खुशाल बसावी.

दारात सरळ पैसे मागून मिळत नाहीत म्हटल्यावर काहींनी आडून मागायला सुरुवात केली, आणि तो काळ मला घरोघरी भोगावा लागला. दहा-बारा वर्षांपूर्वी कुठलाही फुकट प्रोग्रॅम घ्यायला जावं, तर त्याच्याबरोबर न बोलावलेली चार माणसं आत येत. एक टूलबार, एक हवामान सांगणारा, एक 'तुमचा संगणक धोक्यात आहे' असं दर दहा मिनिटांनी ओरडणारा. आमच्या एका काकांच्या ब्राउझरमध्ये इतके टूलबार साठले होते, की पान वाचायला खाली दोन बोटं जागा उरली होती.

"काका, हे सगळं तुम्ही कशाला घातलंत?"

"मी कुठे घातलं? मी फक्त नेक्स्ट, नेक्स्ट केलं."

"प्रत्येक ठिकाणी खूण होती ना, ती काढायची असते."

"अरे, सरकारी फॉर्मवरची खूण काढली की फॉर्म परत येतो. मी आयुष्यभर एकही खूण काढलेली नाही."

या 'नेक्स्ट'वर एक मोठा धंदा उभा होता. सोर्सफोर्ज हे एके काळी मुक्त सॉफ्टवेअरचं सर्वांत मोठं भांडार. त्याने इन्स्टॉलरच्या पोटात जाहिरातींचे प्रोग्रॅम घालायला सुरुवात केली. जिम्प या चित्रांवर काम करायच्या प्रोग्रॅमची मंडळी २०१३ मध्ये वैतागून तिथून निघून गेली, तर २०१५ मध्ये त्यांच्या मागे राहिलेल्या खात्यातून जिम्पचाच जाहिरातींत गुंडाळलेला इन्स्टॉलर वाटला गेल्याचं उघड झालं. भांडाराची अब्रू गेली ती गेलीच. याउलट व्हीएलसी. नारिंगी-पांढऱ्या शंकूचा तो प्लेअर १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाला. त्याचे प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त केम्फ यांना असलेच टूलबार सोबत घालण्यासाठी कोट्यवधी युरो देऊ केले गेले आणि त्यांनी ते नाकारले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी वेगळी कंपनी काढून व्हिडिओच्या कामात लोकांना सल्ला आणि सेवा विकली. व्हीएलसी आजवर सहा अब्जांहून अधिक वेळा उतरवला गेला आहे. एकेका वेळेला एक रुपया धरा, असं मी मनातल्या मनात एकदा केलं आणि मग रात्री झोप लागली नाही.

फायरफॉक्स या ब्राउझरची तऱ्हा तिसरी. त्याचं बहुतेक उत्पन्न शोधाच्या पट्टीत आधीपासून गूगल बसवून ठेवण्याबद्दल गूगलकडून येतं. म्हणजे गूगलच्या ब्राउझरशी लढणाऱ्याचा शिधा गूगलच्या कोठारातून. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं काही नाही; महाभारतात असे प्रसंग पुष्कळ आहेत.

खरा पैसा मिळवला तो रेड हॅटने, आणि तो प्रोग्रॅम विकून नव्हे. लिनक्स सगळ्यांना फुकट मिळतं हे त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. त्यांनी विकली ती वार्षिक वर्गणी: दुरुस्त्या वेळेवर येतील, जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं सांभाळू आणि मध्यरात्री सर्व्हर पडला तर फोन उचलू. मोठ्या कचेरीत सॉफ्टवेअर फुकट आहे म्हटलं की साहेब दचकतात. बिघडलं तर मेमो कोणाला काढायचा? ज्याला मेमो काढता येतो असा कोणीतरी पलीकडे असणं, यासाठी कंपन्या भरभरून पैसे मोजतात. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली. फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या दुकानाला एवढी किंमत आल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. मुंबईची फ्रापे ही कंपनी त्याच रस्त्याने चालते. त्यांचं ईआरपीनेक्स्ट हे कारखान्यांचे हिशेब-साठे सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएलखाली खुलं आहे. ज्याला स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं त्याने बसवावं, ज्याला ती कटकट नको त्याने त्यांना पैसे देऊन त्यांच्याकडे चालवावं. कटकट या देशात मुबलक असल्याने धंद्याला तोटा नाही.

मला या सगळ्यांत कीर्तनाची रीत आठवते. कीर्तनाला तिकीट नसतं. देवळाच्या दारात पावतीपुस्तक घेऊन कोणी अडवत नाही. पूर्वरंग होतो, बुवांना बुक्का लावून हार घातला जातो, उत्तररंगात आख्यान रंगतं, बुवा हसवतात, डोळ्यांतून पाणी काढतात, आणि मग आरतीचं तबक फिरतं. त्यात पडणाऱ्या नाण्यांवर बुवांचं घर चालत नाही हे टाकणाऱ्यालाही माहीत असतं. खरी बिदागी संस्थान देतं. लिनक्सच्या गाभ्याचंही तसंच आहे. त्यात भर घालणारे बहुतेक लोक कुठल्या ना कुठल्या मोठ्या कंपनीच्या पगारावर असतात, कारण त्या कंपन्यांचा संसार लिनक्सवर उभा आहे. पण रीतीतली माझ्या मते खरी मेख आहे ती तबकाच्या वेळेत. ते आख्यानानंतर फिरतं. एलिमेंटरीच्या सज्जन मंडळींनी तबक दारात धरलं, नमनालासुद्धा सुरुवात झालेली नसताना. ऐकलंच नाही त्याबद्दल माणूस काय टाकणार? शून्यच टाकणार.

आख्यानानंतर तबक फिरवून काय होतं ते थंडरबर्डने दाखवलं. ई-मेल वाचण्याच्या या प्रोग्रॅमवरून फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०१२ मध्ये आपली माणसं जवळजवळ काढूनच घेतली होती. तो आता संपला असंच सगळे धरून चालले. मागे राहिलेल्यांनी वापरणाऱ्यांनाच साद घातली. प्रोग्रॅम रोज उघडणाऱ्या माणसाला त्या प्रोग्रॅममध्येच, कधीतरी, नीट शब्दांत सांगायचं की हे तुमच्या पैशांवर चालतं. २०२२ मध्ये त्यांच्याकडे सुमारे ६४ लाख डॉलर जमले, आणि ते जवळजवळ सगळे देणग्यांचे. माणसं तीच, शून्य लिहिणारी. फक्त वेळ वेगळी.

विमचे कर्ते ब्राम मोलेनार यांनी तर तबक स्वतःसाठी फिरवलंच नाही. १९९१ पासून चालत आलेला हा एडिटर उघडला की पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. ही ओळ जगातल्या पुष्कळ लोकांनी फार वेळ वाचलेली आहे, कारण विममधून बाहेर कसं पडायचं हे त्यांना सापडत नव्हतं. २०२३ मध्ये मोलेनार वारले. ओळ अजून आहे.

संस्थान नाही आणि तबकही फिरवता येत नाही, असे जे बुवा असतात त्यांची मात्र दैना होते. ओपनएसएसएल हा प्रोग्रॅम तुम्हाला कधी दिसत नाही. बँकेच्या पानावर तुमचा पासवर्ड जाताना त्याची अक्षरं वाटेत कोणाला वाचता येऊ नयेत, हे काम जगातले असंख्य सर्व्हर त्याच्यावर सोपवतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाचं भोक सापडलं आणि मग कोणाला तरी विचारावंसं वाटलं, की हे सांभाळतं कोण? पूर्ण वेळ काम करणारा एक माणूस, आणि वर्षाला देणग्या सुमारे २,००० डॉलर. निम्म्या जगाच्या कुलपाची मजुरी! जर्मनीतले वेर्नर कोख यांची कथाही तशीच. एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकारांशी बोलताना मजकूर कुलूपबंद करणाऱ्या ज्या जीपीजीवर भिस्त ठेवली, तो प्रोग्रॅम कोख १९९७ पासून सांभाळत होते आणि पैशांअभावी सोडून द्यायच्या बेतात आले होते. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर एक लेख छापून आला आणि लगेच देणग्यांचा पाऊस पडला. फेसबुक आणि स्ट्राइप यांनी वर्षाला प्रत्येकी ५०,००० डॉलर कबूल केले. म्हणजे त्याआधी हेच लोक हाच प्रोग्रॅम वापरत होते. फक्त त्याच्या पलीकडे जेवणारा माणूस आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आपल्या देशात कोणी तरी हे लक्षात घेतलं, याचा मला बरा वाटणारा पुरावा बेंगळुरूचा आहे. झिरोधा या शेअर दलालीच्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आमचा सगळा गाडा याच सॉफ्टवेअरवर चालतो, तेव्हा हे देणं लागतोच, असा त्यांचा सूर होता. मुंबई-पुण्यातल्या ज्या मोठ्या आयटी कंपन्यांचा गाडा त्याच सॉफ्टवेअरवर चालतो, त्यांनी हा सूर ऐकला असावा, अशी आशा ठेवायला पैसे पडत नाहीत.

राहता राहिलो आपण. आपल्याला द्यायचे असले तरी देणं सोपं नाही, हेही खरं. परदेशी देणगीच्या पानावर यूपीआयचा चौकोन सहसा नसतो. कार्ड टाकावं तर त्यावर परदेशी व्यवहार बंद ठेवलेले असतात. ते चालू करायला बँकेचं ॲप, ॲपला ओटीपी, ओटीपीला रेंज. दरमहा आपोआप पैसे जावेत म्हणावं, तर १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे स्वयंचलित वर्गण्यांचे नियम कडक झाले आणि परदेशी ठिकाणच्या कित्येक वर्गण्या तिथेच अडकल्या. या सगळ्यातून पार पडून पाच डॉलर देणारा मराठी माणूस मला भेटला, तर मी त्याला शाल-श्रीफळ देईन. त्या शालीची किंमत पाच डॉलरहून जास्त होईल, पण ते असो.

तेव्हा एवढंच करा. कुठलंही मुक्त सॉफ्टवेअर घेताना चौकटीत बिनदिक्कत शून्य लिहा, इकडेतिकडे बघू नका. महिना-दोन महिने ते वापरा. लिब्रेऑफिसमध्ये चार पत्रं लिहून होऊ देत, व्हीएलसीवर जुने चित्रपट बघून होऊ देत. मग त्यांच्या पानावर परत जा; देणगीचं बटण तिथेच असतं. कार्ड पहिल्यांदा नाकारलं जाईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा.